पन्नासपैकी गुण आणि दुसरा ग्लास

कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसॉगाला साडूकडे जायचं ठरलं तेव्हा हिने एकच अट घातली. घट बसायच्या आत तुमचं ते बिअरपुराण आटपायचं, नवरात्रात घरात वास नको. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, म्हणजे ऐन पितृपंधरवडा. ‘पितरांच्या दिवसांत कसली थेरं,’ असं सासूबाई फोनवर म्हणाल्याचं मेहुणीने कानावर घातलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

बिअरचा नाद मला पुण्यात लागला. तोवर बिअर म्हणजे घाम सुटलेली बाटली, सोबत खारे दाणे, आणि चौकशी फक्त ‘थंड आहे ना?’ एवढीच. चवीबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि गव्हाची बिअर वेगळी, सातूची वेगळी, हे आमच्या टोळक्याला कळलं. नावही आपलंच. नाशिकजवळच्या देवळालीला गोऱ्या शिपायांची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून तिथे त्यांची डोकी फिरायची, आणि त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे भ्रमिष्ट. मला ते नाव लागू पडतं असं हिचं मत आहे.

या वेळी मी नुसता पिणार नव्हतो, गुण देणार होतो. त्यासाठी बिअरच्या स्पर्धांत परीक्षक वापरतात त्या बीजेसीपीच्या गुणपत्रिकेचे तीस कागद छापून नेले. एकूण गुण पन्नास. वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडात कशी लागते त्याला पाच आणि एकंदर मताला दहा. साडूने विमानतळावरून येताना गाडीतच कागद पाहिला, खिशातून पेन काढलं आणि समासात एक रकाना आखला. ‘दुसरा ग्लास? हो / नाही.’

‘हे काय?’

‘माझी पद्धत,’ तो म्हणाला. ‘तुम्ही पन्नासात घोळ घाला, मी एकात उरकतो.’

गुरुवार, टोरोंटो

पंधरा तासांच्या प्रवासाने पाय सुजलेले, घड्याळ दुपारचे चार म्हणतंय आणि पोट रात्रीचा दीड. अशा अवस्थेत पहिली बिअर प्यायची नसते. साडू म्हणाला, झोपलात तर आठवडाभर भुतासारखे जागाल, चला.

सीएन टॉवरच्या पायथ्याशी रेल्वेचं जुनं राउंडहाउस आहे, १९२९ चं. वाफेची इंजिनं दुरुस्तीला आत घ्यायची म्हणून इमारत अर्धगोल, समोर इंजिन फिरवायची गोल तबकडी. आता अंगणात जुनी इंजिनं उभी आहेत आणि आत स्टीम व्हिसल नावाची ब्रुअरी. २००० साली निघाली. काढणारे तिघे मित्र आधीच्या बिअर कंपनीतून नोकरी गेलेले. हिरव्या बाटलीच्या बुडाशी ‘३एफजी’ अशी अक्षरं उमटवलेली असतात, त्याचा अर्थ ‘कामावरून काढलेले तिघे’. आपल्याकडे नोकरी गेली तर माणूस शेजाऱ्यांपासून लपवतो, यांनी काचेत ओतून घेतलं. मला हे फार आवडलं.

बिअर मात्र बरीच वर्षं एकच, पिल्सनर, म्हणजे फिकी सोनेरी लागर. पाणी, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली सातू, हॉप्स म्हणजे कडवटपणा आणि वास देणारी फुलं, यीस्ट, संपलं. ग्लास उजेडाकडे धरला तर पलीकडचं इंजिन सोनेरी दिसत होतं. वास ताज्या पावासारखा, मागे थोडं ओलं गवत. प्यायला स्वच्छ, शेवटी हलकासा कडवटपणा. मी विचार केला, हे सगळं ठीक आहे, पण एवढ्यासाठी एवढ्या लांब आलो? वासाला सहा, रूपाला तीन, चवीला अकरा, पोताला तीन, एकंदर पाच. अठ्ठावीस.

साडूच्या रकान्यात: हो. आणि तोवर त्याने दुसरा मागवलाही होता.

शुक्रवार, जेरार्ड स्ट्रीट आणि आसपास

पहाटे तीनला टक्क जाग. खिडकीतून खारी बघत बसलो.

५०६ नंबरची स्ट्रीटकार जेरार्ड स्ट्रीटवरून जाते. तिथे ग्रीनवुड ते कॉक्सवेल या पट्ट्यात इंडिया बझार आहे. त्याचं मूळ एका थेटरात. १९७२ मध्ये इथे नाझ नावाचं हिंदी सिनेमे लावणारं थेटर सुरू झालं, सिनेमाला येणाऱ्यांना पान हवं, मसाला हवा, साडी हवी, म्हणून भोवती दुकानं उगवली. थेटर गेलं, बाजार राहिला. आता निम्मी दुकानं बदललेली दिसतात, तरी हिने आणि मेहुणीने एका साडीच्या दुकानात दीड तास काढलाच. आम्ही दोघं कॉक्सवेलवर वळलो.

तिथे गॉडस्पीड ब्रुअरी आहे, २०१७ ची. तिचा कर्ता लुक लाफोंतेन हा माणूस मूळचा क्वेबेकचा, मॉन्ट्रियलच्या द्यू द्यू सिएल ब्रुअरीत घडलेला, मधली काही वर्षं जपानमध्ये. त्यामुळे एका भिंतीआड जपान, चेक आणि क्वेबेक असे तिन्ही मुलुख नांदतात. आम्ही घेतली चेक पद्धतीची फिकी लागर, स्व्येत्ली लेझाक, बारा अंशांची. हे अंश दारूचे नव्हेत. आंबवण्याआधी सातूच्या काढ्यात साखर किती होती त्याचं ते माप आहे.

ओतणाऱ्याकडे मी बघत राहिलो. आपल्याकडे फेस आला की वेटरचा चेहरा पडतो, ग्लास तिरका धरून फेस टाळणं हीच कला. इथे उलटं. तोटीचा दांडा वर-खाली नव्हे तर बाजूला सरकतो. त्याने तोटी थेट ग्लासात बुडवली आणि आधी फेसच भरला, ओला, दाट, म्हशीच्या धारोष्ण दुधावर येतो तसा. मग त्या फेसाच्या खाली बिअर सोडली. फेस उचलला गेला आणि काठावर गादीसारखा बसला. तीन बोटं जाड. मी नखाने त्यावर रेघ ओढली, ती मिटली नाही. या गादीखाली बिअरचा वास कोंडून राहतो आणि हवा लागत नाही, म्हणून शेवटचा घोटही पहिल्यासारखाच लागतो. प्रत्येक घोटाचं एक वळं काचेवर राहत होतं. पाच वळी, म्हणजे पाच घोटांत संपली. छत्तीस. साडू: हो.

संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, ऑसिंग्टनवरच्या बेलवुड्समध्ये. ही २०१२ ची, आणि तरुण पोरांची गर्दी अशी की आमच्या दोघांच्या टकलांमुळे तिथलं सरासरी वय वाढलं असावं. त्यांची जेली किंग ही आंबट बिअर आहे. यीस्टच्या आधी दह्यातल्यासारखे जिवाणू कामाला लावायचे, काढा आंबट करून घ्यायचा, आणि मग वरून हॉप्सचा वास चढवायचा. पहिल्या घोटाला दोन्ही गाल आत गेले. दुसऱ्याला कैरी. तिसऱ्याला मी साडूला म्हटलं, हे तर ताकच, फक्त विलायतेत शिकून आलेलं. अडतीस दिले. साडू: नाही. ‘ताक जेवणाबरोबर एक पेला. दोन कोण पितं?’

शनिवार, ग्वेल्फ, आणि रात्रीची फजिती

गाडी साडू चालवणार, म्हणून त्याने आज चाखायचं आणि थुंकायचं, असं ठरलं. सकाळपासून त्याचा चेहरा उपास असल्यासारखा.

ग्वेल्फची वेलिंग्टन ब्रुअरी १९८५ ची. कॅनडातली क्राफ्टची, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रुअऱ्यांची, लाट त्या चार-पाच वर्षांतलीच. १९८२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर हॉर्सशू बेला पहिली छोटी ब्रुअरी निघाली, १९८४ मध्ये व्हिक्टोरियात स्पिनेकर्स आणि इकडे वॉटरलूत ब्रिक, आणि मागोमाग हे. तोवर देशभर दोन-तीन मोठ्या कंपन्यांचं पिवळं पाणी चालायचं. वेलिंग्टनवाल्यांनी तर विलायती पद्धतीची कास्क बिअर करायला घेतली. ती पिंपातच शेवटची मुरते आणि वायूच्या जोरावर न येता हातपंपाने ओढून काढावी लागते.

दारावर बुटाचं चित्र. आत शिरताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वेलिंग्टन म्हणजे कोण? ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजेच आर्थर वेलस्ली! नेपोलियनला हरवणारा हा माणूस त्याआधी आपल्याकडे होता. १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला तो पुण्यात आला, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी भिडला. पुढे वॉटर्लू गाजवूनही तो आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव सांगायचा. मी जालन्यात तीन वर्षं नोकरी केलेली, असई बघून आलेलो. आणि त्या तारखेला आठवडाही उलटला नव्हता.

‘गुण कापणार,’ मी जाहीर केलं.

‘परीक्षक निःपक्षपाती हवा,’ साडू म्हणाला.

‘शिंद्यांच्या तोफा गेल्या त्या लढाईत.’

आर्केल बेस्ट बिटर आली. तांबूस, फेस नावाला, जेमतेम गार. पहिल्यांदा पिणाऱ्याला वाटेल फ्रिज बिघडलाय. पण थंडीने जीभ बधिर झालेली नसली की काय काय कळतं! भाजलेल्या पावाची कड, थोडा गूळ, मागून चहाच्या चोथ्यासारखा तुरटपणा. दारू चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गप्पा मारत दुपार काढावी अशी. सदतीस झाले होते, असईचे दोन वजा करून पस्तीस. साडूने चूळ भरावी तशी बिअर तोंडात फिरवली, थुंकायचं भांडं शोधलं आणि डोळ्यांत पाणी आणून लिहिलं: हो.

परतताना एलसीबीओत थांबलो. ऑन्टारियोत दारूची ही सरकारी दुकानं, १९२७ पासूनची. त्याआधी १९१६ पासून प्रांतात दारूबंदी होती, आणि ती उठली तरी बरीच वर्षं विकत घ्यायला माणशी परवान्याचं पुस्तक लागायचं. कोणी कधी किती बाटल्या नेल्या त्याची नोंद त्यात व्हायची. मी हसलो नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, आणि नियमाने बघितलं तर प्यायला परवाना लागतोच. फरक इतकाच की त्यांची पुस्तकं आता संग्रहालयात गेली.

रात्री मेहुणीने डाव टाकला. ‘भाऊजी, नाव बघून मार्क देता तुम्ही. आम्ही ओततो, तुम्ही ओळखा.’ दोघी बहिणी स्वयंपाकघरात गेल्या आणि ताटात चार स्टीलचे पेले घेऊन आल्या. स्टीलच्या पेल्यात रूपाचे तीन गुण बुडालेच, ते सगळ्यांना सरसकट तीन द्यायचे ठरलं. काळ्या दोऱ्याने अ, ब, क, ड.

मी डोळे मिटून, मान डोलावून गुण दिले. अ: एकतीस, ‘साधी पण प्रामाणिक’ असा शेरा. ब: पस्तीस. क: चाळीस, कडू, जोरकस, संत्र्याची साल. ड: चौतीस, ‘नीटनेटकी, ब्रेडचा छान वास’.

ब निघाली ग्रेट लेक्सची कनक पेल एल आणि क त्याच ब्रुअरीची ‘ऑक्टोपस वॉन्ट्स टू फाइट’ नावाची आयपीए, म्हणजे जादा हॉप्सची कडवट बिअर. आठ पायांनी भांडणारी बिअर चाळीस गुण घेणारच. इथवर इभ्रत शाबूत. मग मेहुणीने ड ची हिरवी बाटली ठेवली. स्टीम व्हिसल. गुरुवारी तिला मी अठ्ठावीस दिले होते. आणि अ म्हणजे साडूच्या गॅरेजमधल्या खोक्यातली, पाहुण्यांच्या मुलांना पार्टीला द्यायला आणलेली, मोठ्या कंपनीची सगळ्यांत स्वस्त लागर.

हिने पदर तोंडाला लावला. साडू म्हणाला, ‘प्रामाणिक आहे हं, मी तिला बरीच वर्षं ओळखतो.’

रात्री जागा होतोच, कागद पुन्हा वाचले. बीजेसीपीचा नियम असा आहे की बिअरला तिच्या जातीच्या कसोटीवर तपासायचं. पिल्सनरने पिल्सनरसारखं असावं, तिने मला चकित करावं ही तिची जबाबदारी नाही. मी मात्र तिथे सुजलेल्या पायांनी चमत्कार शोधत बसलो होतो. अठ्ठावीस आकडा तिचा नव्हता, माझा होता. खोडला नाही. पुराव्याला ठेवला.

रविवार, रेल्वे आणि मॉन्ट्रियल

टोरोंटो ते मॉन्ट्रियल पाचशे चाळीस किलोमीटर, आगगाडीने पाच तास. चौघंही निघालो. खिडकीबाहेर मेपल पेटायला लागले होते, अजून पूर्ण नाही, एखादीच फांदी लाल. दोघींनी मेथीचे ठेपले काढले, आणि पलीकडच्या बाईंनी वासाने मान वळवली.

साडूने जेरार्ड कोमोची गोष्ट सांगितली. न्यू ब्रन्सविकचा हा निवृत्त गृहस्थ २०१२ मध्ये शेजारच्या क्वेबेकात गेला, तिथे बिअर स्वस्त म्हणून चौदा खोकी आणि तीन बाटल्या दारू घेऊन निघाला, आणि येताना पोलिसांनी धरला. दंड २९२ डॉलर ५० सेंट. एकाच देशात एका प्रांतातून दुसऱ्यात बिअर नेली म्हणून! भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये तो हरला. साडूला वाटलं मी थक्क होईन. गोव्याहून येताना इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबते, बॅगा चाचपल्या जातात, मागच्या सीटवरचा कुणीतरी अचानक झोपी जातो, हे ज्याने पाहिलंय तो कशाला थक्क होईल? कोमोकाका आपलेच वाटले.

संध्याकाळी लॉरिए रस्त्यावरच्या द्यू द्यू सिएलमध्ये. नावाचा अर्थ ‘अरे देवा!’ १९९८ पासून आहे. जागा लहान, टेबलं खेटून, फळ्यावर खडूने बिअरची नावं, सगळी फ्रेंच. निम्म्या नावांत पाप, पुण्य, देव, सैतान. दोघी आत यायला तयार नव्हत्या, पण बाहेर गार वारं सुटलं आणि प्रश्न मिटला.

हिच्यासाठी मी गुलाबी दिसणारी एक मागवली, रोझे द'इबिस्कस, म्हणजे जास्वंदीची गव्हाची बिअर. ‘पिणार नाही, वास घेईन,’ ती म्हणाली. ‘आणि जास्वंद गणपतीला वाहायची सोडून बिअरमध्ये?’ मग ग्लास नाकाशी नेला आणि थांबली. हिचं माहेर अमरावतीचं.

‘ही जास्वंद नाही. अंबाडी आहे. लाल अंबाडीची बोंडं.’

मी फोनवर शोधलं. खरंच, पेयात घालतात ती जास्वंद म्हणजे आपली लाल अंबाडीच. दोन घोट तिने घेतलेच, ‘आईच्या सरबतात साखर जास्त असायची’ असा शेरा मारून ग्लास परत सरकवला. तिथून पुढे वासाचे बारा गुण द्यायचं काम मी तिच्याकडे सोपवलं. माझ्याकडे अडतीस उरले.

मग आली पेशे मोर्तेल, ‘महापाप’. कॉफी घातलेली इम्पीरिअल स्टाउट, साडेनऊ टक्के. काळी म्हणजे किती काळी, ग्लासाखाली मेणबत्ती धरली तरी उजेड पलीकडे येईना. फेसाचा रंग काजूकतलीच्या कडेसारखा. वासाला हिने बारापैकी अकरा दिले, ‘एक कापला कारण बिअरचा वास येत नाही, कॉफी हाउसचा येतो.’ चव सांगायची तर जळत्या निखाऱ्यावर भाजलेली कॉफी, खाली काकवी, त्याखाली बिनसाखरेचं चॉकलेट, आणि दारू कुठे लपलीय ते उठून उभं राहीपर्यंत कळत नाही. पंचेचाळीस! बीजेसीपीच्या भाषेत हा सर्वोच्च वर्ग, माझ्या तीस कागदांतला एकमेव.

साडूने अर्धा ग्लास संपवला आणि लिहिलं: नाही. ‘अहो, तुमचाच पहिला संपलेला नाही.’

बघितलं तर खरंच दोन बोटं उरलेली. मी बराच वेळ त्या दोन बोटांकडे बघत बसलो. श्रीखंडाच्या चौथ्या वाटीकडे बघतो तसं.

सोमवार, शांब्ली

मॉन्ट्रियलपासून अर्ध्या-पाऊण तासावर रिशलिए नदीकाठी शांब्ली गाव. नदीत खळाळ, काठावर फ्रेंचांनी १७११ मध्ये पुरा केलेला दगडी किल्ला. आम्ही महाराष्ट्रातले, किल्ल्याची तटबंदी बघून ‘एवढीशी?’ म्हणालो आणि तरी तासभर रमलो.

आमचं काम युनिब्रूशी. बेल्जियन पद्धतीच्या बिअरी कॅनडात रुजवल्या त्या यांनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. बाटलीत जिवंत यीस्ट ठेवून आतल्या आत आंबवायची, तळाशी गाळ साचतो, तो दोष नाही, तीच खूण. क्वेबेकचा गाजलेला गायक रॉबेर शार्लेबुआ यात भागीदार होता. पुढे २००४ मध्ये ग्वेल्फच्या स्लीमनने कंपनी घेतली आणि २००६ मध्ये स्लीमनच जपानच्या सप्पोरोने घेतली. ‘म्हणजे ही आता क्राफ्ट म्हणायची का?’ साडूने विचारलं. यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर मालक बदलल्याने पगारपत्रकावरचं नाव बदलतं, यीस्टला कोण सांगायला जातो? चव बदलली की बघू.

मोदित या बिअरच्या बाटलीवर आकाशात उडणारी होडी आहे. जंगलात लाकूडतोडीला गेलेले गडी, नववर्षाची रात्र, घर शेकडो मैल लांब. सैतान म्हणतो, होडीतून उडवत नेतो, पहाटेच्या आत परत या, पण वाटेत देवाचं नाव घेऊन शिवी द्यायची नाही आणि चर्चच्या क्रुसाला धक्का लागू द्यायचा नाही. गडी जातात, नाचतात, पितात, आणि परतताना सुकाणूवरचा झिंगलेला असतो. ही क्वेबेकची जुनी लोककथा. गणपतीला गावी जायला एसटीच्या टपावर बसायला तयार असलेला कोकणी चाकरमानी ही गोष्ट सैतानासकट समजून घेईल.

बाटल्या घेऊन मॉन्ट्रियलच्या भाड्याच्या घरी आलो. आता झालं असं की पिशवी मी बसमध्ये मांडीवर घेतली होती, आणि बस खड्ड्यांतून. गाळ शांत बसू द्यायचा असतो हे मला माहीत होतं, घाई नडली. ‘ला फँ द्यु मोंद’चं, म्हणजे ‘जगाच्या अंता’चं बूच काढलं आणि जगाचा अंत छताला लागला. निम्मी बाटली गालिच्यावर. मेहुणीने टॉवेल आणले, साडूने पातेलं आणलं, मी अंगठ्याने तोंड दाबून धरलं तर फवारा थेट हिच्या शालीवर. उरलेल्या निम्म्यात मध, लवंग, पिकलं केळं, आणि नऊ टक्के दारू अशी मिसळलेली की पोरं सरबत समजून पितील. त्रेचाळीस दिले, शालीसाठी काही कापलं नाही. ते हिने नंतर वेगळं वसूल केलं.

मोदितला एकेचाळीस. दोन्हींना साडू: नाही.

सगळ्यात हलकी ब्लाँश द शांब्ली शेवटी उघडली, पाच टक्के, गव्हाची, ढगाळ. ती या वेळी तासभर फ्रिजमध्ये उभी होती. तीन चतुर्थांश हळू ओतली, मग बाटली गोल फिरवून गाळ हलवला आणि तो वरून सोडला. ग्लासात आषाढातलं आभाळ. हिने न सांगता हात पुढे केला, वास घेतला.

‘धने.’

‘अजून?’

‘धने भरडलेले, भाजलेले नाहीत. आणि संत्र्याची साल, सुकलेली. उटण्यात असते ना, तशी.’

बेल्जियन गव्हाच्या बिअरीत धने आणि संत्र्याची साल घालतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण नाकाने कधी सुटं केलं नव्हतं. घरातल्या मसाल्याच्या डब्यासमोर तीस वर्षं उभ्या राहिलेल्या बाईला कसलं प्रमाणपत्र लागतंय! वासाला तिने दहा दिले, एकूण अडतीस. साडू: हो. तोच धावत खालच्या देपानरमध्ये जाऊन आणखी दोन घेऊन आला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बिअर मिळते, या एका गोष्टीवर त्याने क्वेबेकला घर घ्यायचं ठरवलं होतं. सकाळी रद्द केलं.

मंगळवार, लाशीन कालवा

आज फार नाही. डोकं जड, जीभ थकलेली. दोघी नोत्र-दाम बघायला गेल्या, आम्ही कालव्याच्या काठाने चाललो. १८२५ चा कालवा, त्याच्या बाजूच्या सेंट-अँब्रॉइझ रस्त्यावर १९८९ मध्ये मॅकऑस्लनची ब्रुअरी सुरू झाली आणि रस्त्याचंच नाव बिअरला दिलं. अ‍ॅटवॉटर बाजारात भोपळ्यांचे ढीग लागलेले. त्यांची ओटमील स्टाउट काळीच, पण कालच्या महापापासारखी अंगावर येत नाही. ओट्समुळे मऊ, नाचणीच्या आंबिलीसारखी घशाखाली उतरते. एकोणचाळीस आणि हो. पहिल्यांदाच आम्ही वाद न घालता पुढे गेलो. परतीच्या आगगाडीत दोघंही किंग्स्टनपर्यंत घोरलो, असं दोघींनी सांगितलं. किंग्स्टननंतर त्यांनीच मोजणं सोडलं असावं.

बुधवार, मिसिसॉगा

दुपारपासून पाऊस. उद्या घट. मेहुणीने मातीचं भांडं आणि गव्हाचं बी काढून ठेवलं होतं, हिने देव्हारा पुसायला घेतला होता, आणि आमच्याकडे संध्याकाळपर्यंतची मुदत. फ्रिजमध्ये दोनच हिरव्या बाटल्या उरल्या होत्या, त्या शनिवारच्या फजितीतल्या.

मागच्या अंगणाला पत्र्याची पडवी आहे, तिथे खुर्च्या टाकल्या. आतून कांदाभजीचा पहिला घाणा आला. कडा जळक्या, ओवा जरा जास्त. एक भजं, एक घोट. तेलकट तोंड तो घोट असा धुऊन काढत होता की पुढचं भजं पुन्हा पहिल्यासारखं लागत होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. साडू काही बोलत नव्हता, मीही नाही. त्याने माझ्या ग्लासात उरलेली ओतली तेव्हा लक्षात आलं की पहिला कधी संपला ते मला कळलंच नव्हतं.

‘किती?’ त्याने विचारलं.

कागद आत होते, कपाटावर, तीसच्या तीस. मी आणायला उठलो तशी ही आतून म्हणाली, ‘आलातच आहात तर भज्यांचं ताट घेऊन जा. आणि त्या बाटल्या उद्या सकाळच्या आत बाहेर गेल्या पाहिजेत.’

मी ताट घेतलं.